पैसा कुठे थांबतो

प्रिय अनघा,

तुझं पत्र मिळालं. पार्कातल्या त्या चित्रपटावरच्या नव्या राइडचं वर्णन तू असं केलं आहेस की वाचताना माझीही खुर्ची हलली. पण शेवटी जाता जाता जे वाक्य लिहिलंस, ‘जुन्या राइड्सचं कौतुक म्हणजे फक्त आपल्या लहानपणाचं कौतुक’, ते काही मला पचलं नाही. म्हणून हे उत्तर. लांबणार आहे, निवांत वाच.

आधी तुझं जे खरं आहे ते मान्य करते. पूर्वी सगळं निरागस होतं आणि आता बाजार झाला, असं आपल्यासारखी राइडवेडी माणसं सतत म्हणत असतात. ते खरं नाही. हा पहिल्या दिवसापासून धंदाच आहे. लामार्कस थॉम्पसनने १८८४ साली न्यू यॉर्कच्या कोनी आयलंडला रुळांवरून घरंगळणारी गाडी सुरू केली ती पाच सेंट घेऊन. वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर, तरी लोकांची झुंबड. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलला हायरम मॅक्सिमचं ‘कॅप्टिव्ह फ्लाइंग मशीन’ १९०४ साली सुरू झालं. मशीनगनवाला मॅक्सिम तो हाच. विमानाच्या प्रयोगांसाठी पैसा उभा करायचा म्हणून त्याने हा पाळणा बांधला. आणि आपलं लाडकं डिस्नेलँड? १९५५ला दार उघडलं तेव्हाच आत चित्रपटांवरच्या राइड्स होत्या, मोठमोठ्या कंपन्यांची नावं होती. तेव्हा पैसा हा काही नवा पाहुणा नाही, हे तुझं म्हणणं मला पूर्ण पटतं.

पण पूर्वी तो पैसा एका ठिकाणी थांबायचा. तिकिटाच्या खिडकीशी. एकदा गाडीत बसलीस की तू आणि ती गाडी, मध्ये कोणी नाही. आता तो खिडकीशी थांबत नाही. रांगेत शिरतो, गोष्टीत शिरतो, राइड संपल्यावर दुकानातून वळसा घालूनच बाहेर सोडतो. माझं सगळं भांडण या एवढ्याशी आहे.

रांगेचंच घे. डिस्नेलँडमध्ये तिकिटांची पुस्तिका मिळायची, अक्षरांप्रमाणे राइडचा दर्जा ठरलेला. ‘ई’ तिकीट १९५९ला आलं, सगळ्यात भारी राइड्ससाठी. म्हणजे राइडगणिक पैसे तेव्हाही होतेच. पण ‘ई’ तिकीट हातात असलेला प्रत्येक माणूस एकाच रांगेत, आला त्या क्रमाने उभा राहायचा. १९९९ला फास्टपास आला तोही फुकट होता. वेळ ठरवून घ्या, तोवर फिरून या. २०२१पासून त्यांच्या अमेरिकेतल्या पार्कांत त्या सोयीचे पैसे पडू लागले. आता विकत मिळते ती राइड नव्हे, दुसऱ्याच्या पुढची जागा. तुला हे किरकोळ वाटेल, पण मला ते फार लागतं. एका मोठ्या पार्कात मी साध्या रांगेत होते. माझ्यापुढे एक बाई आणि तिची दोन पोरं. बाजूच्या मोकळ्या वाटेने लोक भराभर आत जात होते आणि आमची रांग जागची हलत नव्हती. धाकट्याने आईला विचारलं, ते आपल्यानंतर आले ना? तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि विषय बदलला. ज्या जागी सगळे एकसारखे घाबरतात आणि एकसारखे किंचाळतात, तिथल्या दारातच माणसांची अशी वाटणी का व्हावी? उन्हात ताटकळलेल्या अनोळखी माणसांशी रांगेत ज्या गप्पा होतात, ‘मागच्या डब्यात बसा हं, तिथे जास्त उडायला होतं’ असा जो सल्ला मिळतो, तो या खेळाचाच भाग होता. पैसे मोजून रांग टाळता यायला लागली की रांग ही शिक्षा होते, आणि मग ती बरी करण्यात कोणाला रस राहत नाही. लांब रांग जितकी असह्य, तितकी पुढची जागा जास्त खपते.

आता गोष्टीबद्दल. डिस्नेलँडमधली ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही समुद्री चाच्यांची राइड १९६७ची. वॉल्ट डिस्नेने जातीने लक्ष घालून घडवलेली ही शेवटची. ती सुरू होण्याआधी काही महिने तो गेला. सुरुवातीला होडी संध्याकाळच्या दलदलीतून संथ जाते. काजवे चमकतात, बेडूक ओरडतात, एका झोपडीबाहेर म्हातारा डुलत बसलाय. बराच वेळ काहीच घडत नाही आणि कोणी काही समजावूनही सांगत नाही. मग अंधारात होडी एकदम खाली घसरते. सगळी मिळून पंधराएक मिनिटं. त्यात शिरायला आधी काही पाहिलेलं असायची गरजच नव्हती. चित्रपट आला २००३मध्ये, राइडवरून. आणि २००६ला त्या चित्रपटाचा नायक पुतळा होऊन राइडमध्ये येऊन बसला. तेव्हापासून लोक होडीतून त्यालाच शोधत जातात. दिसला की बोट दाखवायचं, फोटो काढायचा, झालं. दलदलीकडे कोण बघतो? पुतळा उत्तम बनवलाय, त्याबद्दल तक्रार नाही. पण आधी मी चाच्यांच्या गावात चुकून शिरलेली कोणीतरी होते, आता मी एका चित्रपटाची प्रेक्षक आहे.

याच्या नेमकी उलटी गोष्ट डिस्नेलँडच्याच ‘स्नो व्हाइट’च्या मूळ राइडची. तिच्यात स्नो व्हाइट कुठेच नव्हती, कारण गाडीत बसलेली तूच ती होतीस! लोकांना ते उमगलं नाही, आपली नायिका कुठे गेली म्हणून विचारत राहिले, आणि १९८३च्या डागडुजीत ती आत आणली गेली. मला मात्र ती पहिली कल्पनाच आजवरची सर्वांत धाडसी वाटते.

लाकडी रोलर कोस्टरबद्दल तू कंबरदुखीचा मुद्दा काढलास. काही खरंच हाडं खिळखिळी करतात, मान्य. पण पेनसिल्व्हेनियातल्या नोबेल्स पार्कमधला ‘फीनिक्स’ तू विसरलीस. १९४७ साली टेक्सासमध्ये ‘रॉकेट’ या नावाने बांधलेला, पुढे ते पार्क बंद पडलं, आणि या लोकांनी तो अख्खा सांगाडा सोडवून, फळीफळीला खुणा करून, दूरवर नेऊन १९८५ला पुन्हा उभा केला. उंची जेमतेम चोवीस मीटर. सुरुवातीला मिट्ट काळोखाचा लांब बोगदा, मग ती कडकड वाजत वर चढणारी साखळी, आणि शेवटच्या उंचवट्यांवर माणूस आसनावरून असा उचलला जातो की पोटात काही उरत नाही. दोघांच्या मांडीवर मिळून एकच दांडी असते, त्यामुळे शेजारच्याचं उडणंही आपल्याला कळतं. गाडी सकाळी आळसावलेली असते. दिवसभर धावून बेअरिंग तापली की संध्याकाळी बेफाम सुटते. जाणकारांच्या मतदानात उत्कृष्ट लाकडी कोस्टर म्हणून तो अनेकदा पहिला आलाय, आणि मत देणाऱ्या साऱ्यांचं बालपण काही तिथे गेलेलं नाही. त्याच्यापुढे न्यू जर्सीचा ‘किंगडा का’ ठेव. २००५ साली जगातला सर्वांत उंच, १३९ मीटर, ताशी २०६ किलोमीटर. २०२४मध्ये बंद झाला आणि २०२५च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून पाडला. वीस वर्षंही पुरी झाली नाहीत. विक्रम हीच ज्याची जाहिरात, त्या विक्रमाची नवलाई ओसरली की त्याच्याजवळ सांगण्यासारखं उरतं काय?

आणि कोपनहेगनच्या तिवोली पार्कातला तो १९१४चा लाकडी कोस्टर! तिथे अजूनही गाडीत ब्रेकवाला बसतो. उतारावर किती सोडायचं, कुठे आवरायचं, हे त्याच्या हातात. मेलबर्नच्या लूना पार्कमध्ये १९१२पासून असंच चाललंय. पाऊस, ओझं, रुळांची अवस्था बघून तो माणूस ठरवतो. इतकं जोखमीचं काम एका माणसाच्या हातावर सोपवून आपण हसत बसतो, यात मला फार मोठा विश्वास दिसतो. तो कुठल्याही पडद्यावर उमटवता येत नाही.

एवढं वाचून तू म्हणशील, हिला नवं काही नकोच. तसं नाही गं. अमेरिकेतल्या सीडर पॉइंट पार्कचा ‘मीन स्ट्रीक’ १९९१चा, अवाढव्य लाकडी आणि अत्यंत खडबडीत. त्याच्याच सांगाड्यावर पोलादी रूळ टाकून २०१८ला ‘स्टील व्हेंजन्स’ केला, आणि तो जुन्यापेक्षा कैक पटीने सरस आहे. हे मी छातीठोकपणे सांगते. नेदरलँड्सच्या एफ्टेलिंग पार्कने १९७८चं भुताटकीचं घर २०२२मध्ये बंद केलं तेव्हा कितीजण हळहळले. मीही त्यातलीच. पण २०२४ला त्याच जागी जे उभं राहिलं त्यात जुन्या घराची तीच सुरावट ठेवली आहे, गोष्ट त्यांची स्वतःची आहे, बसण्याची अख्खी जागाच फिरते आणि कलते असं यंत्र अगदी नवं आहे. बाहेरचा कुठला चित्रपट विकायला ते केलेलं नाही. असं नवं मला रोज चालेल.

त्याच एफ्टेलिंगमध्ये तोंड उघडून बसलेला तो जाडा कचराखाऊ पुतळा आहे. ‘कागद इकडे’ असं ओरडतो, आणि पोरं त्याला भरवायला कागद शोधत धावतात. १९५९ साली पहिला बसवला. त्यातून एक पै मिळत नाही. मी एखादं पार्क कसं आहे हे अशा गोष्टींवरून ठरवते: काहीही न विकणारी जागा तिथे किती शिल्लक आहे? फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कमध्ये १९७१पासून एक नदी होती, त्यात चाकाची आगबोट, मधोमध पोरांना हुंदडायला बेट. २०२५च्या जुलैत ती बंद केली. तिथे आता मोटारींच्या चित्रपटावरचा भाग होणार. नवी राइड उत्तम असेलही. पण काही न करता पाण्याकडे बघत बसण्याची जागा गेली, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. मोठी पार्कं दिवसभर दमवतात. अशी जागा नसेल तर विसाव्यालाही शेवटी दुकानातच शिरावं लागतं, आणि हल्ली दुकान राइडपेक्षा मोठं होऊ लागलंय. नाकापेक्षा मोती जड.

तर तुझ्या त्या नव्या राइडबद्दल मला खरंच दोन गोष्टी कळव. तो मूळ चित्रपट अजिबात न पाहिलेल्या माणसाला तिच्यात काय घडतंय ते कळेल का? आणि ती थरारते ती पडद्यामुळे, की खालची गाडी खरोखर कुठे जाते म्हणून? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘गाडीमुळे’ असेल तर मी तुझ्याबरोबर यायला तयार आहे, मात्र साध्या रांगेतून. तू पुढच्या जागेचं तिकीट काढलंस तर एकटी जा, मी मागून येते. आणि त्याच्या बदल्यात नोबेल्सला तू माझ्याबरोबर यायचं. तिथे प्रवेशाला पैसे नाहीत, राइडपुरतं तिकीट घ्यायचं. १९१३च्या त्या लाकडी घोड्यांच्या मेरी-गो-राउंडवर बाहेरच्या घोड्यावर बसून फिरता फिरता हात लांबवून कड्या ओढायच्या असतात, पितळेची मिळाली तर पुढची फेरी फुकट. फीनिक्सवर मात्र संध्याकाळीच जायचं आणि मागच्या डब्यात बसायचं, ही माझी अट. तारखा तू ठरव.

तुझी,
मेधा