हायमास्ट अर्धा तास बंद ठेवता येईल का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोजागरीला तुळजापूरला चालत गेलेल्या सोलापूरकरांपैकी किती जणांनी वाटेत डावीकडे मान वळवून पाहिलं, कोण जाणे. मंगळवारी अंधार पडता पडता, हिप्परग्याच्या पुढे, पश्चिमेला धूमकेतू दिसत होता. खाली ठळक शुक्र आणि त्याच्या उजव्या अंगाला, थोडा वर, हा. डोकं खाली, शेपूट वर. दुर्बिणीची गरज नव्हती. पण अन्नदानाच्या मंडपांचे हॅलोजन आणि डीजेच्या गाड्यांवरचे फिरते दिवे डोळ्यांत घुसत असताना कुणाला काय दिसणार? मंडप मागे पडल्यावर मी बरोबरच्या पोरांना थांबवून दाखवला. एक जण म्हणाला, "विमानाचा धूर असंल की ओ काका." पाच मिनिटं झाली तरी धूर जागचा हलेना, तेव्हा त्याने मोबाइल काढला.

याचं नाव त्सुचिन्शान–ॲटलास. चीनमधल्या वेधशाळेने आणि दक्षिण आफ्रिकेतल्या दुर्बिणीने २०२३ च्या सुरुवातीला तो शोधला. गेल्या २७ सप्टेंबरला तो सूर्याच्या सर्वांत जवळ होता, आणि बरोबर दसऱ्याला आपल्या. तेही सुमारे ७ कोटी किलोमीटरवर. बर्फ आणि धुळीचा गोळाच तो. उन्हाने बर्फाची वाफ होते, तिच्याबरोबर धूळ सुटते आणि सूर्याच्या उलट बाजूला ढकलली जाते. म्हणून सूर्य मावळल्यावर शेपूट वर दिसतं. विधानसभेची निवडणूक मंगळवारीच जाहीर झाली, त्यावरून चहाच्या टपरीवर बरेच अंदाज ऐकले. कुणाची खुर्ची जाणार ते २० नोव्हेंबरचं मतदान ठरवेल, धूमकेतूला त्यात ओढू नये.

मी यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होतो. १९९७ च्या एप्रिलमध्ये दिवसपाळी सुटली की कारखान्याच्या दारातूनच वायव्येला हेल-बॉप दिसायचा. तो याच्याहून दांडगा होता हे खरं, साध्या डोळ्यांना दीड वर्ष दिसत राहिला. पण तेव्हा अक्कलकोट रोडला दिवेही असून नसल्यासारखे होते. आज आमच्या वसाहतीच्या मैदानावर हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचे मोठे दिवे, आहे. त्याखाली उभं राहिलं की शुक्र सोडून काही दिसत नाही. दिवे नकोत असं मी म्हणत नाही. रात्रपाळीहून घरी येणाऱ्या बायकांना ते हवेतच. पण रिकाम्या मैदानावर, आकाशाकडे तोंड करून?

आपल्याच राज्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला यंदा जानेवारीत देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीचं आकाश काळोखं राखणारी जागा, म्हणून मान्यता मिळाली. आम्ही एवढं मोठं काही मागत नाही. कोजागरीचा चंद्र आता रोज पाऊण तासाने उशिरा उगवतोय, म्हणजे रविवारपासून संध्याकाळी सात ते आठ चांगला अंधार मिळेल. धूमकेतू दिवसेंदिवस वर सरकतोय, पण मंदही होत चाललाय, त्यामुळे दिवाळीची वाट बघून चालणार नाही. साधी १० × ५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) दुर्बीण पुरते. मोबाइल भिंतीला टेकवून नाइट मोडवर ठेवला तरी फोटोत शेपूट येतं.

रविवारपासून आठवडाभर सव्वासात ते पावणेआठ एवढाच वेळ मैदानावरचा हायमास्ट बंद ठेवावा, एवढीच विनंती. वॉचमन म्हणतो चावी वायरमनकडे, वायरमन म्हणतो ठेकेदाराकडे, आणि ठेकेदार फोन उचलत नाही. त्या पेटीची चावी ज्यांच्याकडे असेल त्यांच्या वाचनात हे पत्र यावं, म्हणून आपल्याला लिहीत आहे. दुर्बीण माझ्याकडे आहे, पोरं गोळा करायचंही मी बघतो.

आपला,
एक निवृत्त यंत्रमाग कामगार
अक्कलकोट रोड, सोलापूर
१८ ऑक्टोबर २०२४