पिकअप घेऊन वाईला येते आहे

इंदूर,
महाशिवरात्रीनंतरचा रविवार

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "ती गाडी भंगारात दे आणि मोकळी हो." मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. ते खरं नव्हतं. माझं कधीच ठरलं होतं, आणि तोवर इंजिन सुरूही झालं होतं. तुमच्यापासून लपवल्याचं मनाला लागून राहिलं, म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते. झोपाळा, आजीची घडवंची, पाटा-वरवंटा आणि तुमची हत्यारांची पेटी घेऊन मी आपल्याच पिकअपने वाईला येते आहे. इथल्या राजवाड्यावरची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं. म्हणजे पाडव्याला झोपाळा टांगलेला असेल.

आई, हे वाचल्यावर तुझ्या तोंडून पहिला शब्द निघेल तो बिजासन घाट. म्हणून आधी त्याचंच सांगते. गेला दीड महिना माझ्याही डोक्यात तोच घाट आहे.

गाडी दोन वर्षं शेडमध्ये उभी होती. बाबा, तुमची लाल वही डॅशबोर्डच्या खणात जशीच्या तशी मिळाली. ब्रेक ऑइल बदलल्याची शेवटची नोंद २०१९ची आहे, तुमच्या अक्षरात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात ओल मुरली की हीच मर्यादा १४०च्या आसपास येते. घाटात पाय ब्रेकवरच ठेवून उतरत राहिलं की चाकाशी एवढी उष्णता सहज होते. मग नळीत वाफ धरते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, आणि पेडल एकदम फळीला टेकतं. सेंधव्याच्या पुढे तो उतार, मागे भरलेला हौदा आणि समोर कंटेनर असताना हे घडायला नको. म्हणून ब्रेकच्या कामात मी एक पैसाही वाचवला नाही. मास्टर सिलिंडरचं किट, चारही चाकांचे रबरी पाइप, पुढचे पॅड, मागचे लायनर, सगळं नवं घातलं. लायनर बसवण्याआधी ड्रम खरादावर घासून घेतले. हवा काढायला मिस्त्रीकाका गाडीखाली आणि मी पेडलवर. "दबाओ… पकडो… छोड़ो," असं संध्याकाळी सातपर्यंत चाललं होतं. शेवटी पेडल अर्ध्यावरच घट्ट लागायला लागलं, तेव्हा ते बाहेर आले.

एवढ्यावर मी विश्वास ठेवला नाही. हौद्यात वाळूची पोती भरली, साधारण आठ क्विंटल, आणि सिमरोलवरून भेरूघाट उतरून आले. ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा तुमचा नियम. ब्रेक लावायचा तो थोडा वेळ आणि नीट दाबून, मग पाय उचलायचा. खाली पोचल्यावर गाडी बाजूला घेतली आणि चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला. तीन चाकं कोमट होती. डाव्या मागच्या चाकाजवळ हात धरवेना, पाणी शिंपडलं तर चर्र वाजलं. परत येऊन चाक उघडलं. हँडब्रेकची तार आतून गंजून अडकली होती, त्यामुळे ब्रेकचा शू मागे येतच नव्हता, सारखा ड्रमला घासत होता. शहरात चालवताना हे कधीच कळलं नसतं. तार बदलली, पुन्हा पोती भरली, पुन्हा भेरूघाट. या वेळी चारही चाकं सारखी. आई, त्या रात्री मला शांत झोप लागली.

आणि उतारावर गाडी न्यूट्रलला टाकणार नाही, याची काळजी करू नका. डिझेल वाचवायला कोणी तसं करताना दिसलं की तुम्ही किती चिडायचात, ते मला आठवतं. इंजिन बंद पडलं तर ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही, दोन-तीनदा दाबलं की पेडल दगडासारखं होतं. निमाडात उतरतानाही हेच, मानपूरच्या पुढे पठार संपतं तिथपासून. बिजासनच्या माथ्यावर देवीसमोर थांबून नारळ फोडीन, आणि तेवढ्या वेळात चाकांना हात लावून बघीन.

इंजिनाचं आता. शेडमध्ये गेले त्या दिवशी किल्ली फिरवायचा मोह आवरला. आधी टाकी उतरवली. जुन्या डिझेलच्या तळाशी काळा बुळबुळीत गाळ होता. टाकीत पाणी धरतं, पाणी आणि डिझेल यांच्या मधल्या थरात जंतू वाढतात आणि तो गाळ जाऊन फिल्टरमध्ये बसतो. सुरुवातीला गाडी बरी चालते, चढ आला की दम सोडते. टाकी धुतली, दोन्ही फिल्टर नवे, इंजिन ऑइल १५-डब्ल्यू-४०. मग डिझेलचा हातपंप दाबत बसले, हवेचे बुडबुडे जाईपर्यंत. मी अकरा वर्षांची असेन, देवास नाक्यावर पावसात गाडी बंद पडली होती. तुम्ही माझ्या हातात टॉर्च दिला होता आणि म्हणाला होतात, "बुडबुडे थांबले की सांग." या वेळी टॉर्चही माझ्याच हातात आणि पंपही. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. पांढरा धूर आला, मग विरला, मग तो आवाज. कारखान्याच्या फाटकाबाहेर हा आवाज आला की आई गॅसवर चहा ठेवायची. मिस्त्रीकाका बराच वेळ कान देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "इंजन तो शेर है बेटा, बीमारी सब बाहर-बाहर की है."

बाहेरची बीमारी म्हणजे मुख्यतः रेडिएटर. बाबा, एवढं एक तुम्हाला सांगायलाच हवं. सांवेर रोडच्या कारखान्यातलं बोरिंगचं पाणी आपण वर्षानुवर्षं त्यात ओतत आलो. उघडलं तेव्हा आतल्या नळ्या क्षाराने जवळजवळ बुजल्या होत्या, चहाच्या जुन्या किटलीत बसतो तसा पांढरा थर. तुम्हाला दोष देत नाही, त्या काळी सगळेच तसं करत. पण आता डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट अर्धं-अर्धंच घालायचं, वाईला आल्यावरसुद्धा. थर्मोस्टॅट नवा बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडून बघितला. ८२ अंशांच्या आसपास हळूहळू उघडायला लागला. पट्टा आणि होज नवे. जुना पट्टा अजून बरा आहे, तो सीटखाली ठेवला आहे.

टायरवरून तुम्ही रागावणार, हे मला माहीत आहे. नक्षी चांगली होती, नख आत जात होतं. पण बाजूच्या भिंतीवरचा चार आकड्यांचा शिक्का ३११५ होता, म्हणजे २०१५च्या एकतिसाव्या आठवड्यातलं रबर. भिंतीला बारीक भेगा पडल्या होत्या. उन्हात, ओझ्याखाली असा टायर आतून फुटतो. चारही बदलले. जुन्यांतला सर्वांत बरा स्टेपनीला ठेवावा असंही एकदा मनात आलं, पण मग स्टेपनीही नवीच घेतली. ज्या दिवशी ती लागेल, तो दिवस आधीच वाईट असेल.

मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांतला एक पाटा चिरलेला निघाला, तो बदलला आणि सगळ्या पिना ग्रीस केल्या. हौद्याच्या तळाला गंज चढला होता तिथे पत्रा लावून वेल्डिंग केलं. वेल्डिंग मी केलं, बाबा. फाळक्याची बिजागरीही. तुम्ही आल्यावर बघा, शिवण सरळ आहे.

कागदांचं थोडक्यात: फिटनेस झालं, विमा भरला, पीयूसी काढलं, फास्टॅग चालू आहे. मालाची गाडी मी चालवू शकते का, असं तुम्ही विचारलं होतंत. सर्वोच्च न्यायालयाने २०२४च्या नोव्हेंबरमध्ये हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते असं स्पष्ट केलं आहे, आपली गाडी त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी. काकांना हळद न्यायला गाडी कायमची ठेवायची तर इथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. त्याचा अर्ज तुमच्या सहीचा आहे, सोबत पाठवला आहे. खूण केली आहे तिथे सही करून पाठवा. एमपी ०९ ही पाटी बदलली जाईल याचं मला वाईट वाटतं. पण शेडमध्ये गंजत राहण्यापेक्षा ती कृष्णाकाठी चालत राहिलेली बरी.

रात्री गाडी चालवणार नाही. पहिला मुक्काम धुळे, दुसरा संगमनेर, तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाई. ताशी पन्नासच्या वर जाणार नाही. मिस्त्रीकाकांचा भाचा सोबत आहे. शांत मुलगा आहे आणि त्याला पुण्यापर्यंतचा रस्ता पाठ आहे. जड सामान मागच्या चाकांच्या पुढे, केबिनलगत ठेवणार आहे. घडवंची उलटी करून, पाय वर. झोपाळ्याची फळी गोधडीत गुंडाळून उभी. ती तुझी निळी गोधडी, आई, रागावू नकोस, तिच्याएवढी जाड दुसरी नव्हती. पितळी कड्या वेगळ्या पोत्यात बांधून माझ्या सीटमागे, वाटेत त्यांचा आवाज नको. वर दुहेरी ताडपत्री.

दशम्या मी स्वतः करून बघितल्या. दुसऱ्या दिवशीही मऊ राहिल्या, म्हणजे दुधाचं प्रमाण जमलं असावं. सोबत तिळाची चटणी. जिरावन मसाला आणि शेव तुमच्यासाठी वेगळी बांधली आहे, तिला वाटेत हात लावणार नाही.

आई, तू नर्मदेचं पाणी मागितलंस. आपल्या नळाला १९७८पासून नर्मदाच येते, पण तुला ती जलूदच्या पंपाची नको आहे हे मला कळतं. खलघाटला पुलाच्या अलीकडे गाडी थांबवीन, खाली उतरून तांब्याच्या कळशीत भरून घेईन. लहानपणी प्रत्येक पुलावर तू आम्हाला हात जोडायला लावायचीस आणि नदीचं नाव विचारायचीस. या वेळी मी त्या भाच्याला विचारत येणार आहे: तापी, गोदावरी, प्रवरा, भीमा, नीरा. कृष्णेत ती कळशी तूच रिकामी कर.

खंबाटकी चढून झाली की सुरूरला वळायच्या आधी फोन करीन. बाबा, गुडघा बरा असेल तर रिक्षाने फाट्यापर्यंत या आणि तिथून माझ्या शेजारी बसून घरी चला. टॉप गिअरला हलका आवाज येतो असं मला वाटतं, मिस्त्रीकाका म्हणतात काही नाही. तुम्ही ऐकून सांगा.

त्याआधी दोन कामं. वाड्याच्या दरवाज्याची रुंदी टेपने मोजा, चौकटीच्या आतून आतून. आरसे धरून गाडी सहा फूट चार इंच आहे, आरसे मिटले तर पावणेसहा. आणि मधल्या खोलीच्या तुळईतले आकडे काकांना शिडी लावून बघायला सांगा. गंजले असतील तर जाडी आणि वाकाचं माप लगेच कळवा, इथल्या लोहामंडीतून करून आणते.

तुमची
धाकटी