वाई डेपोच्या कंडक्टर ताईंना

कंडक्टर ताई,
सप्रेम नमस्कार.

त्या सकाळी वाई स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीशी तुमच्या हातात तिकिटाचं मशीन होतं आणि गाडी सुटायला पाचच मिनिटं होती. ‘थँक्यू’ एवढंच बोलून झालं. ते मला पुरलं नाही, म्हणून हे पत्र.

आदल्या दुपारी आई आणि मी स्वारगेटहून तुमच्याच गाडीने आलो. आईचं वय 81, कानाच्या मशीनशिवाय जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. घरी पोचल्यावर कळलं की मशीन कानात नाही. पिशवी उलटी केली, साडी झटकून बघितली, रिक्षातून उतरलो तिथे टॉर्च घेऊन दोनदा जाऊन आले. “कुठे काढलंस, आठव!” असं मी तिच्यावर दहादा ओरडले. तिला शब्द ऐकू येत नव्हते, माझा चेहरा मात्र दिसत होता. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मग ती देवापाशी जाऊन बसली. वस्तू हरवली की आमच्याकडे कार्तवीर्यार्जुनाला हाक मारतात. हजार बाहूंचा, माहिष्मतीचा राजा, दत्तात्रेयांचा भक्त. ‘तस्य स्मरणमात्रेण गतं नष्टं च लभ्यते.’ स्वतःचा आवाज कळत नसल्याने आई तो श्लोक इतक्या मोठ्याने म्हणत होती की शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. सात-आठ वेळा म्हणून झाल्यावर ती मध्येच थांबली. “अगं, खंबाटकी चढताना गाडीचा आवाज डोक्यात जायला लागला, तेव्हा काढलं. रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवलं होतं.”

श्लोकाने आठवलं की शांत बसल्यामुळे, यावर मी तिच्याशी वाद घालत नाही. माझी म्हापशाची मैत्रीण किल्ल्या हरवल्या की संत अँथनीला मेणबत्ती बोलते, आणि किल्ल्या सापडल्यावर न विसरता लावून येते. तिच्याशीही मी कधी वाद घातला नाही.

पण आठवलं तरी मशीन गाडीतच होतं आणि गाडी डेपोत. तिथे तुम्ही होतात. आईने ते बंद न करताच गुंडाळलं होतं. असं झाकलं गेलं की मशीनचाच आवाज त्याच्या माइकमध्ये परत शिरतो आणि बारीक शिट्टी सुरू होते. रिकाम्या गाडीत ती तुमच्या कानावर पडली. दिवसभर उभ्याने तिकिटं फाडून दमलेल्या माणसाने दुर्लक्ष केलं असतं तरी कोण काय म्हणणार होतं? तुम्ही वाकून बाकाखाली हात घातलात. “सासऱ्यांना असंच मशीन आहे, शिट्टी ओळखीची,” म्हणालात.

रुमाल सोडला तेव्हा काजूएवढ्या त्या मशीनचं सेलचं झाकण उघडलेलं दिसलं. रात्रभरात सेल उतरू नये म्हणून तुम्ही ते नखाने उघडून ठेवलं होतंत. ताई, ते झाकण बघून माझे डोळे भरून आले. मी पैसे पुढे केले तर तुम्ही हात मागे घेतलात, चहाही राहिलाच.

आई म्हणते, तुमच्या रूपाने तोच आला. तिचं तिच्यापाशी, मी आभार तुमचे मानते.

मशीनला आता दोरा बांधलाय. संध्याकाळी श्लोक झाला की आई म्हणते, “त्या कंडक्टर बाईला सुखात ठेव.” तेही हळू, स्वतःला ऐकू येईल एवढ्याच आवाजात.

तुमची,
खिडकीशेजारच्या आजींची मुलगी