ट्रेलसाठी हौदा कोणता?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पिकअप ट्रेलसाठी, म्हणजे खडकाळ आडवाटांसाठी, घडवायची तू ठरवलीस, हे वाचून फार आनंद झाला. टायर आणि सस्पेन्शन नक्की झालं आणि गाडी हौद्यापाशी, म्हणजे मागच्या सामान ठेवायच्या भागापाशी, अडली, हे बरंच झालं. हौद्याचा विचार बहुतेक जण शेवटी करतात आणि खडकाळ वाटेवर पहिला मार त्याच्याच मागच्या कोपऱ्यांना बसतो.

मूळ अडचण आहे मागच्या चाकांच्या मागे उरणाऱ्या लांब शेपटीची. दगडाची पायरी उतरताना चाक खाली जातं आणि शेपटी दगडावर आदळते. डिपार्चर अँगल म्हणतात तो, म्हणजे शेपटी न आदळता गाडी किती तिरक्या उतारावरून सुटू शकते तो कोन, इथेच कळतो. एकाच घराण्यातल्या दोन गाड्या बघ: जीप रँग्लर रुबिकॉनचा हा कोन सुमारे ३७ अंश आहे, तर ग्लॅडिएटर रुबिकॉन या पिकअपचा सुमारे २६. म्हणून हौदा निवडताना माल किती मावेल याआधी शेपटी किती वर उचलली जाईल आणि किती आखूड होईल, हे बघ.

कंपनीचा सपाट बाजूंचा हौदा, म्हणजे फोर्डने १९५७ साली स्टाइलसाइड आणि शेव्हरोलेने १९५८ साली फ्लीटसाइड या नावाने आणलेली घडण, सामानाला उत्तम. पण त्याचे पातळ पत्रे झाडाखोडाला घासले की चेपतात, आणि मोठे टायर आतल्या चाककमानींना घासतात. स्टेपसाइड या अरुंद हौद्यात मडगार्ड बाहेर असतात, ते कापून मोठ्या टायरला जागा करता येते. आतली रुंदी मात्र जाते. नळ्यांचा सांगाडा सगळ्यात हलका, पण तो खडक चढण्याच्या खेळापुरता. तुला चार दिवसांचं सामान घेऊन मुक्कामाला जायचंय, त्यात तो टिकायचा नाही.

माझं मत स्पष्ट आहे: डव्हटेल फ्लॅटबेड कर, म्हणजे बाजूच्या भिंती नसलेली सपाट फळी. मागचा भाग वर तिरपा आणि दोन्ही कोपरे आत घेतलेले. रुंदी टायरच्या बाहेरच्या कडेइतकीच ठेव. त्याहून रुंद केलास तर प्रत्येक अरुंद वळणावर कोपरा अडकेल. फळी टायरच्या वर येत असल्याने भार उंचावर जातो आणि आडव्या उतारावर गाडी कलते, हा फ्लॅटबेडचा खरा दोष. त्यासाठी पाण्याचे कॅन आणि अवजारांची पेटी केबिनच्या पाठीला, मागच्या अॅक्सलच्या पुढे, चेसिसच्या बाजूला खाली लाव. स्टेपनीही शेपटीखालून काढून तिथेच आण. वरची फळी अॅल्युमिनियमची घे. त्याची घनता पोलादाच्या साधारण एक-तृतीयांश असते. जाडी वाढवावी लागते, तरी वजन बरंच वाचतं.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहितोय ते. वेड्यावाकड्या जमिनीवर चेसिस पिळते. कंपनी केबिन आणि हौदा वेगळे ठेवते ते याचसाठी. ताठ फ्लॅटबेड चेसिसला थेट वेल्ड केलास, तर तो पीळ वेल्डच्या टोकाशी साठतो आणि नेमकी तिथेच चीर जाते. वेल्डर कितीही खात्री देवो, ऐकू नकोस. मागे दोन घट्ट बोल्ट आणि पुढे मधोमध फिरता सांधा अशी तीन बिंदूंची बांधणी कर, नाहीतर पुढच्या कोपऱ्यांना स्प्रिंगचे बोल्ट दे. इंधनाच्या नळीला आणि मागच्या दिव्यांच्या तारांनाही हालायला थोडी ढील ठेव.

चेसिसची शेपटी कापायची घाई करू नकोस. टाकी, पाट्यांचा (पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) मागचा टेकू आणि टो-हुकचा आडवा दांडा कुठे येतो ते आधी पाहा. आणि एक मागचं चाक उंच रॅम्पवर चढवून पाटे पूर्ण दबले की टायरचा माथा चेसिसच्या किती वर जातो, तेवढं मोजून कळव. फळीची उंची त्यावरच ठरते. आकडा आला की मी चित्र काढून पाठवतो.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझाच मित्र