पासपोर्टचं मी काही लिहिणार नाही

आषाढ शुद्ध द्वादशी

चि. बाळू यास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोन मीच कापला. आईनं नंतर तुला रेंज गेली म्हणून सांगितलं, ते मला सांभाळून घेण्यासाठी. फोनवर माझा आवाज चढतो. तुझ्या आजोबांचा, नानांचाही चढायचा. म्हणून कागदावर लिहितोय. शेजारचा पिंट्या याचे फोटो काढून तुला पाठवेल. त्यालाही वाचता येतं, म्हणजे शब्द जरा जपून पडतील.

केनियाचं नागरिकत्व घेऊन तिथं निवडणुकीला उभं राहायचं तुझ्या मनात आहे. त्यातलं पासपोर्टचं मी काही लिहिणार नाही. तू ४१ वर्षांचा आहेस, तुझा तू बघ.

तू म्हणालास, "बाबा, जीवनजींनी शंभर वर्षांपूर्वी केलं, मी आज केलं तर काय बिघडलं?" राग आला तो याचाच, कारण मला उत्तर सुचलं नाही. मला जीवनजी म्हणजे फक्त नैरोबीतली त्या नावाची बाग माहीत. गेल्या साली आलो होतो तेव्हा तू सकाळी मला तिथं सोडून साइटवर जायचास. आईनं विणलेला स्वेटर घालून मी बाकावर बसायचो. जुलैत नैरोबीला एवढी थंडी असते हे इथं कुणाला सांगून पटत नाही. दुपारच्या सुट्टीत ते प्रवचनवाले यायचे, हातात बायबल, घसा फाटेस्तोवर बोलायचे. अक्षर कळायचं नाही, पण कीर्तनात बसल्यासारखा जीव रमायचा. ज्याच्या नावाची बाग, तो कोण हे मात्र मी एकदाही विचारलं नाही. आता वाचलं. सूनबाईनं पाठवलं ते वाचलं, दुसरीकडूनही शोधलं. चार दिवस दुसरं काही केलं नाही, म्हणून आक्का चिडलीय.

अलीभाई मुल्ला जीवनजी. १८५६ साली कराचीत जन्म, दाऊदी बोहरा. शाळा फारशी नाही. तेव्हा कराची आपल्याच मुंबई इलाख्यात होती, म्हणजे कागदोपत्री तो माणूस आपल्याच इलाख्यातला. आधी ऑस्ट्रेलियात ॲडलेडला जाऊन धंदा केला. मग १८९० मध्ये मोंबासाला आला आणि बंदरात जहाजांचा माल चढवण्या-उतरवण्याचं काम धरलं. माणूस एका जागी धंदा बसेना म्हणून दुसरीकडे जातो, हे मी समजू शकतो. तूही पुण्यातली ती नोकरी सोडून गेलास तेव्हा मी चकार शब्द काढला नव्हता. (आई म्हणते काढला होता.)

१८९६ ला मोंबासाहून रेल्वे निघाली, डिसेंबर १९०१ ला व्हिक्टोरिया सरोवराला टेकली. हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले, बरेचसे पंजाबातले. मजूर पुरवायचे, त्यांचं धान्य पुरवायचं, मातीकाम, खडक फोडणं, यात जीवनजींची कंत्राटं होती. त्या ३२,००० पैकी जवळजवळ २,५०० मेले. मैलामागे चार. सगळे काही त्यांच्या मस्टरवरचे नव्हते, आणि सगळ्यांना त्या वाटेवरच्या त्सावोच्या नरभक्षक सिंहांनीही खाल्लं नाही. लोकांना गोष्ट सिंहांची आवडते. पण मी आयुष्यभर मस्टर लिहिलंय. एक बिगारी आठ दिवस आला नाही तर त्याच्या नावापुढं फुली मारताना हात अडतो. अडीच हजार फुल्या मारायच्या तर वही किती जाड लागेल, असा काहीतरी वेडगळ हिशोब मी त्या रात्री करत बसलो.

तू साइटवर पोरांना हेल्मेट घालायला लावतोस ना? आणि पट्टा? तुझे ते फुंडी, म्हणजे तिकडचे कारागीर, बांबूच्या परांचीवर अनवाणी चढतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना म्हणावं, आमचे गवंडीही असेच चढायचे, म्हणून शहाणपणाचं होत नाही.

मग नैरोबी. १८९९ मध्ये रेल्वे तिथं पोचली तेव्हा ती दलदल होती. पाया खणला की पाणी लागत असणार. तिथं या माणसानं सरकारी इमारती बांधल्या, पहिलं मार्केट बांधलं. १९०२ ला प्लेग आला तेव्हा हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी लोकांचा, बाजार जाळून टाकला गेला. आपल्याकडे पुण्यात पाच वर्षं आधी प्लेगच्या नावाखाली घराघरांत काय झालं ते नानांची आई सांगायची. बाजार हिंदी लोकांचा म्हणून घाण, आणि त्याच हिंदी लोकांनी बांधलेली कचेरी मात्र स्वच्छ.

आता गंमत ऐक. या कंत्राटदारानं १९०१-०२ च्या सुमारास वर्तमानपत्र काढलं! आफ्रिकन स्टँडर्ड. आपल्याकडे बिल्डर पेपर काढतो तेव्हा लोक काय बोलतात ते तुला माहीत आहे. संपादक गोरा ठेवला. १९०५ ला विकून टाकलं, आणि पुढं तोच पेपर गोऱ्या वसाहतवाल्यांची तळी उचलायला लागला. तुझ्याकडे रोज सकाळी स्टँडर्ड येतो, तो त्याचाच नातू.

१९०६ ला स्वतःच्या पैशानं बाग करून शहराला दिली. मधोमध व्हिक्टोरिया राणीचा पुतळा, उद्घाटनाला राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट. आणि साधारण त्याच काळात लंडनहून धोरण ठरत होतं की डोंगरावरची चांगली जमीन फक्त गोऱ्यांना द्यायची. हिंदी माणसानं शहर बांधायचं, राणीला बसायला चौथरा द्यायचा, पण वर जमीन मागायची नाही. १९०९ ला मग त्यांना कायदेमंडळात घेतलं. पहिला हिंदी सभासद. तू फोनवर हेच मोठ्यानं सांगत होतास. पण बाळू, निवडून नव्हे, नेमून. सगळे गोरे, मध्ये हा एकटा. तिथं त्याचं कोण ऐकणार? फार दिवस टिकलेही नाहीत, आणि त्यांच्यानंतर कित्येक वर्षं हिंदी माणसाला तिथं जागा मिळाली नाही.

आणि एका जागी मला हा माणूस चुकला असं वाटतं, मोठा असला तरी. १९१० मध्ये लंडनला जाऊन ते बोलले की पूर्व आफ्रिका हिंदुस्थानला जोडून टाका, थोड्याच वर्षांत दुसरा हिंदुस्थान होईल. गोऱ्यांनी बंदी घातली त्याचा राग मी समजतो. पण ती जमीन किकुयूंची, मासाईंची. त्यांना कुणी विचारलं? अन्याय होतोय म्हणून ओरडणाऱ्यालाही शेजारी उभा असलेला दिसत नाही कधीकधी. पुढं १९२३ मध्ये लंडनच्या सरकारनं कागदावर लिहिलं की तिथं आफ्रिकन माणसाचं हित आधी. लिहिलं ते बहुधा गोरे आणि हिंदी दोघांच्या भांडणातून सुटायला, पण लिहिलं.

म्हणून म्हणतो, उभा राहिलास तर "आपल्या लोकांचा" म्हणून राहू नकोस. तू शाळेची भिंत बांधून दिलीस ती वॉर्डातल्या सगळ्या पोरांसाठी, मग मतंही त्यांच्याच दारात जाऊन माग. स्वाहिली नीट शीक, कामापुरती नको. देणगी घेतलीस तर वहीत लिही. ज्याच्याकडून घेशील त्याचं काम घेऊ नकोस. आणि

हे बघ, सुरू झालंच माझं. तू बारा वर्षं तिथं राहतोस, मी अडीच महिने बाकावर बसलो. माफ कर.

पण नानांचं तुला सांगायचं राहून गेलंय. ते गेले तेव्हा तू लहान होतास. १९६७ च्या डिसेंबरातला तो कोयनेचा भूकंप, मी १२ वर्षांचा. पहाटे सगळे अंगणात, बहीण माझ्या पांघरुणात. त्यानंतर तीन वर्षं नाना घरीच नव्हते. कुणाची भिंत, कुणाचं अख्खं घर. अर्ध्यांनी पैसे दिले, अर्ध्यांनी भाताची पोती. ओळंबा हातात धरला की ते श्वास रोखायचे, तू पाहिलं असशील. लोकांनीच मग त्यांना १९७४ ला ग्रामपंचायतीला उभं केलं, निवडून आणलं. आणि सभासद झाल्यावर कळलं की आता गावची कामं घेता येणार नाहीत. नियमच आहे, बरोबरच आहे. पण आपलं दुसरं काम कुठं होतं? मुकादम दुसऱ्याकडे गेले. मिक्सर विकला. आधी केलेल्या कामाचं एक बिल होतं, तेही ते सभेत एकाविरुद्ध बोलले म्हणून अडकलं, ते शेवटपर्यंत. ते गेले तेव्हा खांदा द्यायला सगळं गाव, आणि दहाव्याला सिमेंटवाला उधारीची चिठ्ठी घेऊन. ती मी सहा वर्षं फेडली. तुझी पहिली सायकल जुनी होती ना, ती त्यामुळं.

नाना चुकले असं मला आजही म्हणवत नाही. बाजारातली पाण्याची टाकी अजून गळत नाही.

जीवनजींचीही उतारवयात संपत्ती बरीच ओसरली. १९३६ ला नैरोबीतच गेले. आणि त्याच वर्षी सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा झाला. पुढं ११ वर्षांनी कराची दुसऱ्या देशात गेली. म्हणजे तो माणूस परत आला असता तर कुठं आला असता? हे वाचून मी बराच वेळ गॅलरीत उभा होतो. मी तुला सांगत होतो की इथलं दार उघडं ठेव. दार तरी कुठं जागेवर राहतं म्हणा.

तरीही. तरीही माझ्या पोटात गोळा येतो. सूनबाईच्या मावशीआजीचं कंपालाचं मी विसरू शकत नाही. १९७२, हिंदी लोकांना देश सोडायला ९० दिवसांची मुदत, आणि त्या माउलीनं दुकानाला कुलूप लावून किल्ली बरोबर आणली. किल्ली! तू म्हणशील तो युगांडा, हा केनिया, आणि २०१७ ला तर तिथल्या सरकारनं हिंदी वंशाच्या लोकांना देशातली ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. माहीत आहे. सूनबाईनं तीन वेळा सांगितलंय. तिचं बरोबर असेल, तिचा जन्म तिथला. पण तुझा नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलंस की इकडचं सुटलं. उद्या काही झालं तर तू माझ्याकडे व्हिसा काढून येणार?

लिहिणार नव्हतो. लिहिलं.

तुझा तो पहिला पासपोर्ट आठवतो? हवालदार चौकशीला आला तेव्हा आईनं त्याला कांदेपोहे दिले, तो म्हणाला, "पोरगं परत येणार ना?" आणि मी म्हणालो, "न येऊन करतो काय!" मोठ्या तोऱ्यात. गावात चार दिवस दाखवत फिरलो तो पासपोर्ट, आपल्या घराण्यातला पहिला. तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, माझा मुलगा जगात कुठंही जाईल. गेलास. मग आता का रडतोय मी?

एक सांगायचं राहिलं. त्या बागेवर १९९१ मध्ये बहुमजली इमारत आणि वाहनतळ करायचं घाटत होतं. जीवनजींच्या नातीनं, झरीना पटेल यांनी लोकांना उभं करून ती वाचवली. राणीचा पुतळा मात्र २०१५ ला कुणी पाडला. मी गेलो तेव्हा राणी नव्हतीच, आणि मला तिची आठवणही झाली नाही. बाकावर शेंगा खात पोरं बसली होती. छोटीनं त्यांच्याशी स्वाहिलीत काय भांडण काढलं होतं देव जाणे, पण जिंकून आली. ती तिथलीच झालीय, हे मला तेव्हाच दिसलं होतं. तुला बोललो नाही.

काल तालुक्याला गेलो होतो. मोतीबिंदूची तारीख घ्यायला, असं आईला सांगितलं. वकिलांकडेही जाऊन आलो. ते म्हणाले, परदेशी नागरिक झाला तरी इथं व्हिसाशिवाय ये-जा करता येईल असं ते ओसीआय कार्ड मिळतं, आणि मळा वारसाहक्कानं येतो, फक्त नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही. नवीन घ्यायला पैसे कुठायत. मी दोनदा विचारून खात्री केली. लिहून दिलंय त्यांनी, कागद जपून ठेवलाय.

तिथली निवडणूक ऑगस्टात असते ना? तेव्हाही थंडीच असेल. स्वेटर घाल, सभेतसुद्धा.

सूनबाईला आशीर्वाद, छोटीला पापा.

तुझा,
बाबा

ता. क. तुझा तो पहिला पासपोर्ट, रद्द म्हणून कोपरा कापलेला, माझ्या कपाटात नानांच्या ओळंब्याशेजारी आहे. तो काही परत करावा लागत नाही ना, तेवढं विचारून कळव.