आईच्या गाण्यातला एक सेकंद

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही पाठवलेली कॅसेट पोचली. "गाडीतला प्लेअर टेप खातो, आता काढूनच टाकतो," असं फोनवर म्हणालात. काढू नका, एवढं आधी सांगते.

कॅसेटचे पाचही बारीक स्क्रू काढून झाकण अलगद उचललं. वीतभर टेप चुरगळली होती आणि तिच्या एकाच कडेला झालरीसारख्या चुण्या पडल्या होत्या. बरीचशी बोटांनी सरळ झाली, पण एका ठिकाणी इतकी पिळवटली होती की ५ सेंटीमीटर कापावीच लागली. ही टेप सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर धावते. म्हणजे आई, तुझ्या गाण्यातला जेमतेम एक सेकंद गेला. जोडून ऐकलं तेव्हा कळलं, अंतरा उचलण्याआधी तू श्वास घेतेस ना, नेमकी ती जागा गेली. शब्द एकही गेला नाही, तरी फार वाईट वाटलं. दुसरी बाजू कोरी होती ते बरं, नाहीतर तिथलंही तेवढंच गेलं असतं. (तुमच्यावर कधी जोडायची वेळ आली तर साधी चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद पाघळून हेडला, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला लागतो.)

एकाच कडेला चुण्या आहेत, त्यावरून मला प्लेअरमधल्या रबरी चाकाचा संशय येतो. आत एक पोलादी दांडी असते आणि तिला हे चाक टेकलेलं असतं. दोघांच्या चिमटीतून टेप पुढे सरकते. चाकावर टेपची तपकिरी भुकटी साचली की त्याची पकड सगळीकडे सारखी राहत नाही, टेप तिरकी ओढली जाते.

तेव्हा बाबा, गाडी बंद करून, टॉर्च धरून लांब काडीला कापूस लावा. हेड आणि दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कापूस नुसता ओलसर हवा, निथळता नको. रबराला मात्र किंचित साबणाचं पाणी, कारण अल्कोहोलने ते कोरडं पडून तडकू शकतं. काडीनेच चाक थोडं थोडं फिरवत, कापूस पांढरा निघेपर्यंत पुसत राहा. वाकून मान दुखत असेल तर राहू द्या, मी आल्यावर करीन.

एवढं करूनही आवाज लहरला तर चाकं फिरवणारा बेल्ट सैल झाला असेल. टेप गुंडाळणारं चाक मागे पडतं आणि ती आत साठत जाते. अशा वेळी कॅसेट लगेच बाहेर घ्या, अडकली तर हिसका देऊ नका. बेल्टसाठी प्लेअर उघडावा लागतो, ते कारागिराकडूनच करून घ्या.

आणि गाडी बंद करण्याआधी कॅसेट काढायची सवय लावाच. जुन्या प्लेअरमध्ये ती आत राहिली तर रबर दांडीवर दाबलेलंच राहतं, त्याला खळगा पडतो.

सोबत ९० मिनिटांच्या कॅसेटवर नक्कल भरून पाठवते आहे. १२० ची मुद्दामच घेतली नाही, तिची टेप फार पातळ असते. गाडीत नक्कलच लावा. मूळ कॅसेट कपाटात ठेवा, उन्हात तापलेल्या गाडीत नको.

आई, पुढच्या फोनवर तो अंतरा मला म्हणून दाखव. आधीच्या श्वासासकट.

तुमची लेक