लोकरीची गाडी काढतेस तर

पुणे
अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार

प्रिय नीलू,

गाडी घ्यायची, मागचं दार वर केलं की विणायच्या लोकरीचं दुकान सुरू, असं चित्र तुझ्या पत्रात दिसलं. चित्र गोड आहे, पण कर्वे रस्त्याच्या कडेला दार वर केलंस तर गिऱ्हाइकाच्या आधी अतिक्रमणवाले येतील. रस्त्यावर विकायचं तर पथविक्रेता प्रमाणपत्र लागतं आणि ते ठरलेल्या जागेला किंवा भागाला बांधलेलं असतं. म्हणून गाडी ही गोदाम समज. दुकान मैदानात लागेल, सोसायटीच्या हॉलबाहेर लागेल, आणि तिथली परवानगी आयोजकाने काढलेली असेल. ती खरंच काढली आहे ना, एवढं मात्र पैसे भरायच्या आधी विचार.

हंगाम दसऱ्याला उघडतो. दिवाळीआधीची प्रदर्शनं, डिसेंबरात सिंचननगरच्या मैदानावरची भीमथडी जत्रा (तिथे बचत गटांच्या बायका मोठ्या संख्येने असतात, अर्ज फार आधी करावा लागतो), मग संक्रांत, आणि फेब्रुवारी संपेपर्यंत शनिवार-रविवारचे छोटे बाजार. मार्च ते मे सुती दोऱ्यावर निघतो. पावसाळ्यात मैदान नाही. ते चार महिने माल सांभाळायचे.

आता मालाचं. पुण्याची थंडी म्हणजे पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारी पुन्हा तीस. बोटाएवढ्या जाड लोकरीचा स्वेटर इथे कुणी विणत नाही आणि विणला तर घालत नाही. शिवाय तयार स्वेटर तिबेटी विक्रेत्यांकडे दोऱ्याच्या भावात मिळतो, तिथे आपण स्पर्धा करायचीच नाही. पुण्यात लोकर खपते ती बाळंतविड्यासाठी. टोपडं, मोजे, छोटा स्वेटर, दुपटं. त्याखालोखाल मफलर, आजीची शाल, रुखवतातली तोरणं आणि रुमाल. हल्ली क्रोशाच्या बाहुल्या आणि पिशव्या आल्यात, त्यांना सुती दोरा लागतो. म्हणून खरेदीची वाटणी अशी ठेव: निम्मा माल मऊ बेबी ॲक्रिलिक आणि मध्यम जाडीचं ॲक्रिलिक, तीसेक टक्के सुती, उरलेल्यात खरी लोकर. खरी लोकर कमीच, पण ठेवायची. जिला हवी असते ती दुसरं काही घेत नाही.

सगळ्यात जास्त पैसा बुडतो तो रंगांच्या हौसेत. हे नीट वाच. शंभर ग्रॅमचे साधारण चाळीस-पन्नास गुंडे एका मोठ्या प्लास्टिक क्रेटमध्ये बसतात. बारा क्रेट म्हणजे पाचशे चाळीसच्या आसपास गुंडे, चोपन्न किलो. वजन एका माणसाचं, जागा मात्र अख्ख्या गाडीची. या ५४० गुंड्यांत तू १८० छटा प्रत्येकी तीन ठेवू शकतेस, किंवा ३६ छटा प्रत्येकी पंधरा. पहिला स्टॉल इंद्रधनुष्यासारखा दिसतो, लोक फोटो काढतात आणि पुढे जातात. कारण बाईला पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला मध्यम जाडीची साडेचारशे ते पाचशे ग्रॅम लोकर लागते, म्हणजे पाच गुंडे आणि एक हाताशी. तीन गुंड्यांत स्वेटर होत नाही. आणि राहिलेले तीन पुढच्या महिन्यात आणून देते म्हणालीस तर लॉट, म्हणजे एका वेळी रंगवलेली खेप, बदललेला असतो. लेबलवर रंगाच्या नंबराशेजारी दुसरा नंबर असतो, तो लॉटचा. रंगाचा नंबर तोच आणि लॉट वेगळा असला की हातात फरक कळत नाही, स्वेटरच्या पाठीवर मधोमध पट्टा उठतो. म्हणून एका क्रेटमध्ये एका रंगाचे दोन लॉट कधीही एकत्र टाकू नकोस. क्रेटच्या बाहेर चिकटपट्टीवर रंग आणि लॉट लिही, आत संपत आला की तळाशी उरलेले वेगळ्या पिशवीत काढ. तरीही कुणी अर्ध्या विणकामात अडकून आलीच तर तिला सांग, जुन्या आणि नव्या लॉटच्या दोन-दोन ओळी आलटून पालटून घे, हातभर अंतरात रंग मिसळून जातो.

म्हणजे आपण विकतो ती लोकर नाहीच, नीलू. आपण आकडा विकतो. समोर उभी असलेली बाई 'मुलीचं बाळंतपण जानेवारीत आहे' एवढंच म्हणते, आणि तिला एका दमात सांगता आलं पाहिजे: टोपडं-मोज्यांना पन्नास ग्रॅम, तान्ह्या बाळाच्या स्वेटरला शंभर, दोनशे घ्या, एकाच लॉटचे. मफलरला दीडशे ते दोनशे, शालीला तीनशेच्या वर, वीतभर बाहुलीला पन्नास-साठ. हे आकडे स्टॉलवर टांगलेल्या नमुन्यांवर लिहून ठेव. दहा सेंटिमीटरचा चौकोन विणायचा, त्याला चिठ्ठी: किती ग्रॅम, कुठली सुई, एका वस्तूचे किती पैसे. न विचारता निम्मी विक्री त्या चिठ्ठ्या करतात.

सुयांचा घोळ वेगळाच. आपल्याकडच्या आया-आज्यांकडे सुयांचे जुने ब्रिटिश नंबर आहेत, त्यात नंबर मोठा तशी सुई बारीक. १२ नंबर म्हणजे पावणेतीन मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, ८ म्हणजे चार. मुली व्हिडिओ बघून येतात आणि '४ ची सुई द्या' म्हणतात. त्यांना मिलिमीटर हवा असतो. त्यांना जुना ४ नंबर दिलास तर त्या सहा मिलिमीटरची सुई घरी नेतात आणि विणकाम मच्छरदाणीसारखं होतं. भोकांची मोजपट्टी दोरीने टेबलाला बांधून ठेव, सुई घालून दाखव, वाद मिटतो. तसाच 'प्लाय' शब्द. चार प्लाय म्हणजे चार पदर पिळलेले, त्यावरून जाडी कळत नाही. शंभर ग्रॅममध्ये किती मीटर ते बघ: चारशेच्या आसपास असेल तर बारीक, १० नंबरवर दहा सेंटिमीटरला साधारण २८ टाके. दोनशे ते अडीचशे असेल तर मध्यम, ८ नंबरवर २२ टाके. लेबलवर मीटर नसेल तो माल घाऊकवाल्याने कितीही स्वस्त दिला तरी रविवार पेठेतल्या बोहरी आळीतच सोडून ये.

स्टॉल निवडताना आधी चुली कुठे आहेत ते विचार. जत्रेत पिठलं-भाकरी आणि तळणीच्या बाजूला जागा मिळाली तर गर्दी भरपूर होईल, पण लोकर धूर पिते. तीन दिवसांनी बेबी पिंक गुंड्याला ठेच्याचा वास. शिवाय भेळेचा हात आधी चिंच पुसतो आणि मग पांढऱ्या लोकरीवर फिरतो. पांढरा, मोतिया, फिका पिवळा पारदर्शक पिशवीत ठेव, एकच गुंडा उघडा. खालच्या फळीवर फिके रंग नकोत, मैदानातली धूळ गुडघ्यापर्यंतच उडते पण तेवढी पुरते. सकाळी पाणी शिंपड आणि स्टॉलखाली जाजम घाल.

स्टॉलची पाठ पश्चिमेला येईल असं बघ. दुपारी तीन ते सहाचं तिरकं ऊन समोरून आलं तर आठवडाभरात सुती लाल-जांभळ्याची एक बाजू विटते. ॲक्रिलिक त्या मानाने टिकतं, खरी पांढरी लोकर पिवळट पडते. छत पांढरंच हवं. मंडपवाला निळी ताडपत्री देईल, ती नको म्हण. निळ्या छताखाली सगळी पिवळी लोकर हिरवट दिसते आणि गिऱ्हाईक दोन गुंडे घेऊन उन्हात पळतं. संध्याकाळी दिवे चार हजार केल्विनचे, सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) नव्वदच्या वर. स्वस्त पिवळ्या दिव्यात गडद निळा आणि काळा ओळखू येत नाही. आणि दोन लॉट दिव्याखाली एकसारखे दिसून सकाळी उन्हात वेगळे निघतात, म्हणून रात्री जुळवाजुळव करून देऊ नकोस.

दहा बाय दहा फुटांच्या छत्रीला चारी पायांना वजन पाहिजे. पाण्याचा वीस लिटरचा जार भरला की वीस किलो. तो पायाशी नुसता ठेवून उपयोग नाही, छताच्या कोपऱ्यापासून दोरी घेऊन जार ताणून बांध. छत उचलतं ते वरून. परतीचा पाऊस आणि एप्रिल-मेचा वळीव दोन्ही दुपारी चारनंतर येतात, आधी वारा, मग सरी. वारा सुटला की माल झाकायला धावू नकोस, आधी छत्री अर्ध्या उंचीवर आण. क्रेटला झाकणं असली की माल आपोआप वाचतो, टोपल्या सुंदर दिसतात पण भिजतात. गाडी भरतानाही हेच: जार, छत्री आणि जाजम सगळ्यात शेवटी भर, म्हणजे पहिली तीच निघतात.

आता लडी. हाताने रंगवलेली आणि खरी लोकर लडीत येते, गिऱ्हाइकाला गुंडा हवा असतो. लडी धरणारा फिरता सांगाडा आणि गुंडा करणारं, हाताने फिरवायचं यंत्र दोन्ही टेबलाच्या कडेला पेचाने आवळतात. घडीचं प्लास्टिक टेबल यात हलतं आणि गुंडा सैल-घट्ट होतो, तेवढ्यासाठी एक जड लाकडी पाट आण. लडीचा पीळ उलगड, दोन्ही हातांत घालून दोन-तीनदा झटका दे, मग सांगाड्यावर चढव. तिला तीन-चार ठिकाणी गाठी मारलेल्या असतात, त्या सगळ्या सापडेपर्यंत कात्री उचलू नकोस. गाठीचा धागा कापायचा, लोकरीचा नाही. एकाच रंगाचे असले की चूक तिथेच होते. दोन टोकं निघतील, जे सगळ्या फेऱ्यांच्या वरून येतं ते घे. खालून येणारं घेतलंस की दहा फेऱ्यांत गुंता. सांगाडा लडीला जेमतेम ताणेल इतकाच उघड, धागा बोटांत सैल धर, कारण ताणून गुंडाळलेली लोकर घरी जाऊन धुतल्यावर आखडते आणि दोष आपल्या मालाला. धागा यंत्राच्या दाताखाली गेला तर उलटा फिरवू नकोस, वरचं चाक काढून सोडव. शंभर ग्रॅमला पाच-सहा मिनिटं लागतात. गर्दीत पैसे घेऊन चिठ्ठी दे, 'अर्ध्या तासाने या' म्हण. आणि गुंडाळलेली लडी परत घ्यायची नाही, हे आधीच पाटीवर लिही.

सुटी लोकर वजनावर विकलीस तर इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का लागतो, दरवर्षी. तू स्वतः बाळंतविड्याचे पुडे बांधून ठेवलेस तर ती आवेष्टित वस्तू होते: नाव, पत्ता, निव्वळ वजन, कमाल किंमत, महिना-वर्ष सगळं छापायला हवं. वजनावरून एप्रिलमध्ये भांडण होणार हेही धरून चाल. सूत आणि लोकर हवेतलं पाणी धरून ठेवतात, कोरड्या उन्हाळ्यात शंभर ग्रॅमची लडी सत्त्याण्णव भरते. पावसाळ्यात तीच शंभरच्या वर जाते. ॲक्रिलिकला हा प्रश्न जवळजवळ नाही. लडीला मीटरही लिहून ठेव, मीटर हवेने बदलत नाही.

'खरी लोकर आहे ना?' हा प्रश्न दिवसात वीसदा येईल. आपल्या भाषेत ॲक्रिलिकलाही लोकरच म्हणतात, त्यामुळे पाटीवर 'ॲक्रिलिक' असं मोठ्या अक्षरात लिही आणि त्याची लाज बाळगू नकोस. तान्ह्याचे कपडे रोज धुवायचे असतात, तिथे तेच बरं. शंका आलेल्या मालाचा धागा घरी जाळून बघ: लोकर केसासारखी वास मारते आणि राख चुरगळते, सूत कागदासारखं जळतं, ॲक्रिलिक वितळून काळा कडक मणी होतो. घरी म्हणाले. स्टॉलमध्ये उदबत्तीसुद्धा नको.

पावसाळ्यात खऱ्या लोकरीला कसर लागते, सुताला बुरशी. बंद डबे, सिलिका जेलच्या पुड्या, महिन्यातून एकदा उन्हाचा दिवस बघून उघडणं. डांबरगोळ्या नकोत, तो वास बाळाच्या टोपड्यातून जात नाही. बाहेरून आलेली खरी लोकर पिशवीत बांधून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेव, मगच बाकीच्यांत मिसळ.

हिशेब थोडक्यात, आकडे धरून चाललेले आहेत. चार दिवसांचं भाडं दहा हजार, डिझेल-खाणं दोन हजार, मदतनीस चोवीसशे: १४,४००. शंभरच्या विक्रीत छत्तीस सुटत असतील तर नुसता खर्च निघायला चाळीस हजारांची विक्री हवी, रोज दहा. चारशेचं एक बिल धरलं तर रोज पंचवीस बिलं, दहा तासांत दर चोवीस मिनिटांनी एक. मैदान बघायला जाशील तेव्हा प्रवेशद्वाराशी अर्धा तास उभी राहा आणि हातात पिशवी असलेली माणसं मोज. नुसती फिरणारी मोजू नकोस. यूपीआयचे दोन वेगळ्या बँकांचे कोड ठेव, गर्दीत नेटवर्क झोपतं, आणि सगळ्या किमती दहाच्या पटीत.

गाडीच्या विम्यात आतला माल येत नाही, तो वेगळा काढ. गाडीच्या बॉडीला हात लावायचा तर आरटीओला विचारून. ॲक्रिलिक आधी घे, तेवढ्यावर दिवाळी निघते. खरेदीला मंगळवारी जाऊ या, सकाळी अकराच्या आत, नंतर रविवार पेठेत गाडी लावायला जागा नसते. येताना त्या ३६ छटांची यादी करून आण. सदतिसावी मी खोडणार आहे.

काकूंना नमस्कार.

तुझी,
मंजू